यलोनाइफला 'शेफ'ची नोकरी आहे म्हणे. भाच्याला पाठवावं का?

दांडियाबाजारचा मामा

नमस्कार मंडळी. प्रश्न भाच्याचा आहे, पण तो इथे लिहिणार नाही. म्हणून मामा लिहितोय.

भाचा २६ वर्षांचा. हॉटेल मॅनेजमेंटचा तीन वर्षांचा कोर्स केला आणि इथे बडोद्यात अलकापुरीतल्या एका मोठ्या हॉटेलात चिकटला. कॉमी म्हणजे किचनातला सर्वांत खालचा स्वयंपाकी; कॉमी-थ्री, कॉमी-टू करत आता कॉमी-वन आहे. हातात २१ हजार येतात. लग्नसराईत बँक्वेट लागलं की सकाळी अकराला गेलेला पोरगा रात्री दीडला घरी येतो. मधे तीन तासांचा 'ब्रेक' असतो, पण मकरपुऱ्याला येऊन परत जाणं जमत नाही, मग लॉकररूमच्या बाकावर आडवा होतो. ताई रात्री ताट झाकून बसते. दिवसभर चारशे माणसांना जेवू घातलेला मुलगा घरी येऊन गार आमटी-भात खातो, हे मी स्वतः पाहिलंय.

महिन्यापूर्वी फतेगंजातल्या एका व्हिसावाल्याने त्याला गाठलं. कॅनडा, गाव यलोनाइफ, पद शेफ, महिना अडीच लाख, राहणं फुकट, दोन वर्षांत पीआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी. फी १८ लाख: चार आत्ता, चौदा 'एलएमआयए', म्हणजे बाहेरून माणूस आणायची तिकडची सरकारी मंजुरी, हातात आल्यावर. ताई घर गहाण टाकायला निघालीय. भावोजी काही बोलत नाहीत, म्हणजे त्यांना पटलेलं नाही, पण नाही म्हणायची हिंमत नाही.

मी नकाशा उघडून बसलो. कॅनडातल्या एडमंटन शहरापासून वर बोट सरकवत गेलो तर गाव येता येईना. ६२ अक्षांशाच्याही पुढे, ग्रेट स्लेव्ह नावाच्या तलावाच्या काठी. तलाव ६१४ मीटर खोल. आपल्या सूरसागर तलावाच्या काठावर वाढलेल्या माणसाला हा आकडा पचायला वेळ लागतो. वस्ती जेमतेम वीस हजार. मला कळेना की वीस हजारांच्या गावाला बडोद्याहून स्वयंपाकी कशाला हवा? आणि खरंच हवा असेल, तर पैसे आपण का द्यायचे?

तिकडे कोणी असेल, किंवा या लाइनमधलं कोणी असेल, तर खरं सांगा. गोड बोलू नका.

चिमूटभर सेव

मामा, १८ लाखांत कारेलीबागेत सेव-उसळीचं दुकान निघेल. शेफ तोच, मालक तोच, आणि थंडी शून्याच्या वर.

रावपुऱ्याचा रिटायर्ड

वरच्या प्रतिसादातला विनोद सोडला तर सल्ला वाईट नाही. पण मामांनी प्रश्न सरळ विचारलाय, तर सरळ उत्तर देतो. ३४ वर्षं किचनात काढली, शेवटची नऊ एक्झिक्युटिव्ह शेफ, म्हणजे किचनचा प्रमुख म्हणून.

पहिली गोष्ट 'शेफ' या शब्दाची. आपल्याकडे पांढरा कोट घातला की शेफ. कॉमीला शेफ, हलवायाला शेफ, टीव्हीवर फोडणी देणाऱ्याला शेफ. कॅनडाच्या सरकारी यादीत ही दोन वेगळी कामं आहेत: शेफचा कोड ६२२००, कुकचा ६३२००. शेफ म्हणजे मेन्यू ठरवणारा, फूड कॉस्ट सांभाळणारा, माणसं नेमणारा. कुक म्हणजे सेक्शनवर उभं राहून ताट काढणारा. तुमचा भाचा आज कुक आहे. यात कमीपणा काही नाही, मीही अकरा वर्षं तोच होतो. पण कागदावर शेफ लिहिलं आणि पाच वर्षांचा अनुभव कॉमी-ट्रेनीचा निघाला, तर व्हिसा अधिकारी दोन मिनिटांत फाइल बंद करतो. वर खोटी माहिती दिल्याचा शिक्का बसला तर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद.

दुसरी गोष्ट. आमच्या पोरांना एकच सेक्शन येतो. तंदूरवाला तंदूरच करतो, गार्ड-मांजेवाला सॅलडच कापतो, भांडी घासायला स्टुअर्डिंगची वेगळी फौज. अशा गावातल्या किचनात एका पाळीला तीन माणसं असतात. ग्रिल तोच, फ्रायर तोच, रात्री फरशी घासणाराही तोच. भाच्याला विचारा, शेवटची कढई स्वतः कधी घासली होती?

उणे चाळीस

मामा, मी तरसालीचा. यलोनाइफमध्ये हा सहावा हिवाळा. धागा काल रात्री वाचला, आज सुट्टी आहे म्हणून नीट लिहितो.

नोकऱ्या खऱ्या आहेत. कारण सोपं आहे: या गावात सर्वांत मोठा मालक सरकार. इथल्या मुलांना सरकारी कचेरीत बसून चांगला पगार मिळतो, तर गरम फ्रायरसमोर कोण उभं राहणार? दक्षिणेतून गोरी मुलं उन्हाळ्यात येतात, पहिला हिवाळा बघून पळतात. म्हणून किचनात फिलिपिनो आणि आपण.

माझा दिवस सांगतो, अडीच लाखांचं चित्र आपोआप स्पष्ट होईल.

साडेचारला उठतो. गाडी रात्रभर विजेच्या प्लगला लावलेली असते. इथे प्रत्येक गाडीच्या नाकातून वायर लोंबत असते, कारण इंजिन गरम ठेवलं नाही तर सकाळी ते दगड. सहाला न्याहारी सुरू. फ्लॅट टॉपवर, म्हणजे लांबरुंद सपाट तव्यावर, डाव्या बाजूला बेकन (डुकराच्या मांसाच्या पट्ट्या), मधे हॅश ब्राउन, उजवीकडे पॅनकेक, आणि समोर अंड्यांचे सहा तवे. ओव्हर ईझी (उलटवलेलं, पण बलक पातळ), ओव्हर मीडियम, पोच्ड. छापील चिठ्ठ्या येत राहतात. उत्तरेचा प्रकाश, म्हणजे रात्रीच्या आकाशातला अरोरा, बघायला आलेले पर्यटक पहाटे झोपलेले असतात, ते दहाला एकदम उतरतात. डिसेंबरात तेव्हा कुठे बाहेर उजाडत असतं आणि तीनला पुन्हा अंधार. पहिल्या वर्षी मी सूर्य फक्त किचनच्या मागच्या दारातून, कचरा टाकायला गेल्यावर पाहिला.

आता मागच्या दाराचीच गोष्ट. भाजीचा ट्रक एडमंटनहून येतो, चौदाशे-पंधराशे किलोमीटर. ट्रकपासून आमच्या दारापर्यंत वीस पावलं. पहिल्या डिसेंबरात मला कोणी सांगितलं नव्हतं. मी आपला खंडेराव मार्केटमधून भाजी आणावी तसा एकेक पेटी उचलून, सही करून, ड्रायव्हरशी दोन शब्द बोलून सावकाश आत नेली. बाहेर उणे ३८. लेट्यूसची पानं काचेसारखी कडकडीत झाली होती. आत गरम हवेत दहा मिनिटांत सहा पेट्यांचा काळा चिखल. दुसरा ट्रक चार दिवसांनी. मालक ओरडला नाही, फक्त मला एक जुनी रजई आणून दिली. तेव्हापासून पेट्यांवर रजई टाकून धावतो.

तरी आता बरं आहे. २०१२ मध्ये वाटेतल्या मॅकेंझी नदीवर देह चो पूल झाला. त्याआधी नदी गोठताना आणि बर्फ फुटताना काही आठवडे रस्ता बंदच पडायचा आणि ताजी भाजी विमानाने यायची, असं जुने लोक सांगतात.

पैसे: मी २१ डॉलर तासाने सुरुवात केली. आठवड्याला ४० तास धरा, महिन्याला साधारण ३,६४०. रुपयांत सव्वादोन लाख होतात, म्हणून एजंट अडीच म्हणतो. कर, पेन्शन, विमा कापून हातात तीन हजारांच्या आत. खोलीला ९५० जायचे, तीही तिघांत एक बाथरूम. दुधाची, भाजीची किंमत बघून पहिले सहा महिने मी डाळ-भातच खाल्ला. महिना हजार-अकराशे डॉलर घरी पाठवू शकलो. वाईट नाही. पण अडीच लाखही नाहीत. एक फायदा असा की सलग सहा महिने राहिलं की उत्तरेच्या रहिवाशांना करात वजावट मिळते, दिवसाला २२ डॉलरपर्यंत. आणि आठ तासांच्या वर काम झालं की दीडपट पैसे, हा कायदा आहे. बडोद्यात मला सोळा तासांनंतर एक सामोसा मिळायचा.

बाकी सांगायचं ते पुढच्या प्रतिसादात, मुलगी उठली.

मांडवीची मावशी

तरसालीवाल्या दादा, छान लिहिलंत. पण एक कोणी बोलत नाही ते मी बोलते. तिथे गाईचं मांस हाताळावं लागतं ना? मामा, ताईंना हे माहीत आहे का?

उणे चाळीस

मावशी, लागतं. बर्गर बीफचा, न्याहारीला बेकन, आणि 'मी हे करणार नाही' म्हणणाऱ्याला लाइनवर जागा नाही. मी पहिल्या दिवशी हातमोजे चढवले आणि आईला काही सांगितलं नाही. दोन वर्षांनी तिने व्हिडिओ कॉलवर पाहिलं. आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी विचारलं, घरी येऊन आंघोळ करतोस ना? चव मी अजून घेत नाही, सोबतचा मुलगा घेऊन सांगतो. कुटुंबात हा विषय एजंटला पैसे द्यायच्या आधी निघालेला बरा.

आता राहिलेलं. परमिटवर मालकाचं नाव छापलेलं असतं. नोकरी सोडली तर दुसरीकडे उद्या उभं राहता येत नाही. आणि खोलीही त्याचीच असेल, तर ज्या दिवशी भांडण त्या दिवशी काम आणि छप्पर दोन्ही गेलं, आणि परमिट हातात असून निरुपयोगी. बाहेर उणे चाळीस. माझ्या आधीच्या गावात, अल्बर्टा प्रांतात, एका मालकाने मला तासांचे पैसे द्यायचे नाहीत म्हणून टाइमकार्डच काढून टाकलं होतं. तेव्हा कळलं की छळ होत असेल तर कामगाराला खुलं परमिट, म्हणजे एका मालकाला न बांधलेलं, मागता येतं, २०१९ पासून ही सोय आहे. पुरावा लागतो. म्हणून भाच्याला सांगा, पहिल्या दिवसापासून आपले तास आपल्या वहीत लिहायचे आणि पगाराच्या पावत्यांचे फोटो घरी पाठवायचे.

आणि वणवा. ऑगस्ट २०२३ मध्ये अख्खं यलोनाइफ रिकामं केलं. मी एका बॅगेत पासपोर्ट, चाकूंचं गुंडाळं आणि कुकर घेऊन निघालो. परत यायला तीन आठवडे लागले. थंडीची भीती सगळे घालतात, आगीचं कोणी सांगत नाही.

कागद तपासा

मी वकील. इमिग्रेशन माझा मुख्य विषय नाही, पण या शहरात राहून तो टाळता येत नाही. दर दुसरा अशील कॅनडाचा कागद घेऊन येतो.

एलएमआयए हा अर्ज कॅनडातला मालक करतो, कामगार नाही. 'इथला माणूस मिळाला नाही, बाहेरून आणू द्या' असा तो अर्ज. एका जागेची सरकारी फी १,००० डॉलर. ती मालकाने भरायची आणि कामगाराकडून कुठल्याही नावाने वसूल करायची नाही, असा तिथला नियम आहे. तेव्हा 'एलएमआयए आल्यावर चौदा लाख' हे वाक्यच बेकायदा व्यवहाराचं आहे.

पुढे गंमत बघा. त्या भागात पगाराची एक सीमारेषा ठरलेली असते. कुकचा ताशी दर तिच्या बराच खाली येतो, म्हणून अर्ज 'लो-वेज' गटात जातो. या गटात मालकाने कामगाराचं जाण्या-येण्याचं भाडं द्यायचं असतं, परवडेल अशा घराची सोय बघायची असते, आणि सरकारी आरोग्य विमा लागू होईपर्यंत विमाही काढायचा असतो. म्हणजे एजंट जी राहण्याची सोय विकतोय ती त्याच्या खिशातली नाही, नियमातलीच आहे; आणि नियम 'परवडेल असं' म्हणतो, 'फुकट' नाही. सप्टेंबर २०२४ पासून या गटातली परवानगी एका वर्षाचीच मिळते. दोन वर्षांत पीआर कुठून आणणार?

तुमचा खरा खर्च: वर्क परमिट १५५ डॉलर, बायोमेट्रिक ८५, वैद्यकीय तपासणी, आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, पोलीस दाखला, अहमदाबादच्या फेऱ्या. सगळं धरून लाखाच्या आत. आपल्याकडे नोंदणीकृत भरती एजंटलाही कामगाराकडून ३० हजार अधिक जीएसटी इतकीच फी घेता येते. कॅनडाच्या सल्लागाराची नोंदणी तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या साइटवर नाव टाकून पाहता येते. फतेगंजवाल्याचा नंबर मागा. नंबर देण्याऐवजी चहा मागवला तर उठून या.

आणि लग्नाचं बघत असाल तर हेही: २१ जानेवारी २०२५ पासून ठराविक कामं करणाऱ्यांच्याच बायकांना खुलं परमिट मिळतं. कुकचं काम त्या यादीत नाही.

नाव नको

माझ्या चुलतभावाने २०२३ मध्ये ११ लाख दिले. एलएमआयएचा कागद आला, त्यावर शिक्का, सही, सगळं. त्या नावाचं रेस्टॉरंट खरंच होतं. आम्ही फोन केला तर मालकीण म्हणाली, गेल्या वर्षभरात आम्ही कोणालाच बोलावलं नाही, आणि या महिन्यात तुम्ही सातवे. सातवे! एजंटचं ऑफिस अजून आहे, फक्त पाटी बदलली. काका अजून चालायला जाताना तो रस्ता टाळतात.

लेह रिटर्न

थंडीच हवी असेल तर कॅनडा कशाला? मी लेहला दोन सीझन केले, मे ते सप्टेंबर. राहणं-खाणं हॉटेलचं, पगार बडोद्याच्या दीडपट. साडेतीन हजार मीटरवर पाणी ८८ अंशांनाच उकळतं, राजमा कुकरशिवाय शिजतच नाही, पहिल्या आठवड्यात जिना चढताना दम लागतो. पण विमान पकडून घरी येता येतं आणि गहाण काही टाकावं लागत नाही. ऑक्टोबरात मात्र सगळं बंद, हातात शून्य. तेवढं धरून चाला.

सुरत-बडोदा अपडाउन

अवांतर वाटेल, पण नाही. यलोनाइफ म्हणजे हिऱ्यांचं गाव. एकाटीची खाण १९९८ ची, डायव्हिक २००३ ची, गाचो कुए २०१६ ची. मी सुरतेत हिऱ्याच्या ऑफिसात आहे, म्हणून ही नावं पाठ. या खाणींवर कॅम्प किचन असतात: दोन आठवडे काम, दोन आठवडे घरी, चोवीस तास जेवण, दारू बंद. कॅम्प कुकचा पगार गावातल्या हॉटेलापेक्षा बराच. कोणी 'उत्तरेत कुकला खूप पैसा' म्हणतं तेव्हा बहुतेक हाच आकडा डोक्यात असतो.

पण डायव्हिकचं उत्पादन २०२६ मध्ये थांबवायचं आधीच ठरलं होतं. एकाटीनेही २०२५ मध्ये एका खुल्या खाणीचं काम थांबवून माणसं कमी केली. लॅबमधल्या हिऱ्याने भाव पाडले. इकडे सुरतेच्या वराछात हिरे घासायच्या घंट्या बंद पडल्या आणि तिकडे कॅम्पच्या चुली, कारण एकच. खाणीतून सुटलेले कॅम्प कुक आता गावातल्याच नोकऱ्या शोधणार ना? भाच्याची स्पर्धा त्यांच्याशी आहे.

उणे चाळीस

हे सुरतवाल्या भाईंनी अगदी बरोबर पकडलं. आमच्या किचनात गेल्या दोन महिन्यांत तीन अर्ज आले, तिघंही कॅम्पवाले, तिघांकडे रेड सील. रेड सील म्हणजे कुकच्या कामाची देशभर चालणारी पात्रता, परीक्षेत ७० टक्के लागतात. मी दुसऱ्या झटक्यात पास झालो. पहिल्यांदा मांसाच्या कापांमध्ये आपटलो. डाळीचे सतरा प्रकार येतात, पण गाईच्या खांद्याचा कुठला भाग ब्रेझ करायचा, म्हणजे झाकून मंद आचेवर रश्शात शिजवायचा, हे बडोद्यात कोण शिकवणार?

दांडियाबाजारचा मामा

सगळ्यांचे आभार. कालच्या रविवारी ताईकडे बसून धागा मोठ्याने वाचून दाखवला. बीफच्या प्रतिसादाला ताई उठून आत गेली. भाचा खाली मान घालून म्हणाला, "मामा, हॉटेलात पोर्क तर मी आत्ताही कापतो." भावोजी पहिल्यांदा हसले.

व्हिसावाल्याकडे नोंदणी नंबर मागितला. चहा आला.

आता नवा प्रश्न. एजंट सोडला. पण भाच्याचं मन उतरलेलं नाही. तो म्हणतो, सहा वर्षांनी इथे सीडीपी (शेफ द पार्टी, एका सेक्शनचा प्रमुख) होऊन ३५ हजार मिळणार, त्यापेक्षा एकदा प्रयत्न करतो. स्वतःच्या जोरावर अर्ज कसा करायचा?

उणे चाळीस

मग असं करा. कॅनडा सरकारची जॉब बँक नावाची साइट आहे. तिथे कुक टाका, टेरिटरी, म्हणजे उत्तरेकडचा प्रदेश, निवडा. परदेशी उमेदवार चालतील असं ज्या जाहिरातीवर लिहिलंय तिथेच अर्ज करा, बाकी वेळ फुकट. यलोनाइफवर अडून बसू नका. युकॉनमधलं व्हाइटहॉर्स बघा, तीसेक हजार वस्ती, अलास्का हायवेवर, थंडी आमच्यापेक्षा बरी. तिथला किमान ताशी दर एप्रिल २०२५ मध्ये १७.९४ डॉलर झाला. डॉसन सिटी फक्त उन्हाळ्याची, सोन्याच्या जुन्या गावात पर्यटक येतात, सप्टेंबरात शटर. नुनावूतच्या इकॅलुइटला रस्ताच नाही, कोरडा माल उन्हाळ्यात जहाजाने वर्षाचा एकदम येतो. तिथे मला कोणी दुप्पट दिले तरी जाणार नाही. पण हे माझं मत.

रेझ्युमे एक पानाचा. 'पॅशनेट कलिनरी प्रोफेशनल' वगैरे काढा. लिहा: ४०० माणसांचं बँक्वेट, न्याहारीचा बुफे, रोज इतकी अंडी, इतके तास. हॉटेलकडून अनुभवपत्र आत्ताच घ्या, त्यात पद, तारखा, आठवड्याचे तास आणि कामाचं वर्णन हवं. राजीनामा दिल्यावर एचआर ओळखही दाखवत नाही.

पीआरचं स्वप्न मागच्या खिशात ठेवा. कुक २०२५ च्या फेब्रुवारीत एक्स्प्रेस एंट्रीच्या, म्हणजे गुणांवर पीआर देणाऱ्या योजनेच्या, ट्रेड गटात आले, हे खरं. पण मार्च २०२५ मध्ये नोकरीच्या पत्राचे जादा गुण काढून टाकले, आणि प्रांतांचे नॉमिनी कोटे, म्हणजे पीआरसाठी माणसं सुचवायच्या जागा, त्या वर्षाच्या सुरुवातीला निम्म्यावर आणले. नियम दर सहा महिन्यांनी हलतात. आयईएलटीएस मात्र आजच सुरू करा, चांगला स्कोअर कधी वाया जात नाही.

आणि अंडी. मालक व्हिडिओवर अंडी करायला लावतो. बिर्याणी नाही विचारणार.

रावपुऱ्याचा रिटायर्ड

अंड्यांबद्दल सहमत. माझ्या काळात मीही नवीन माणसाला आधी आमलेटच करायला लावायचो. आमलेटवर हात खोटं बोलत नाही. मामा, भाच्याला रविवारी माझ्याकडे पाठवा. फी नाही, अंडी त्याने आणायची.

दांडियाबाजारचा मामा

दिवाळी झाली, म्हणून कळवतो.

भाच्याने एकूण ४४ अर्ज केले. ३९ जणांनी उत्तरच दिलं नाही, दोघांनी नाही म्हटलं, तिघांनी विचारलं. त्यातल्या एकाने दोन ईमेलनंतर 'प्रोसेसिंग'चे ८०० डॉलर मागितले. वकीलसाहेबांचा प्रतिसाद आठवला, तिथेच थांबलो.

अंड्यांना मुहूर्तच मिळेना. आषाढात ठरवलं, तोवर श्रावण आला. मग गणपती, पितृपक्ष, नवरात्र. शेवटी कोजागिरीनंतर रावपुऱ्याच्या काकांनी चार रविवार घेतले. पहिल्या दिवशी ३० अंड्यांतली १९ उलटवताना फुटली. काका काही बोलले नाहीत, फक्त फुटलेली सगळी त्याला खायला लावली. चौथ्या रविवारी ३० पैकी दोन.

गेल्या आठवड्यात व्हाइटहॉर्सहून कॉल आला. तिकडचे सकाळचे ९, आपले रात्रीचे साडेनऊ. भाचा काकांच्या किचनमध्ये, फोन डब्याला टेकवलेला. मालकीणबाईंनी ओव्हर ईझी करायला लावलं, चाकू कसा धरतो ते पाहिलं, आणि विचारलं, तू शेफ की कुक? भाचा म्हणाला, कुक. मग विचारलं, भांडी घासतोस? तो म्हणाला, चार रविवार तेच करतोय. बाई हसल्या.

पत्र अजून हातात नाही. एलएमआयएचा अर्ज त्या स्वतः करणार आहेत, नव्या वर्षात कळेल म्हणाल्या. नाही झालं तर भाच्याने लेहचंही विचारून ठेवलंय, लेह रिटर्न यांना खाजगी निरोप पाठवलाय. हॉटेलची नोकरी सोडलेली नाही, रात्री दीडला येणं चालूच आहे.

घराची फाइल ताईने परत कपाटात टाकली. अंडी मात्र आता तिच्याच फ्रिजमध्ये असतात, वरच्या कप्प्यात, पिशवीत गुंडाळून, देवघराकडे पाठ करून.

मांडवीची मावशी

किती डझन?

उणे चाळीस

व्हाइटहॉर्स मिळालं तर नशीबवान. बडोद्याहून जाड जॅकेट विकत घेऊ नका, तिथल्या थंडीत ते चालत नाही. थर्मलचे दोन जोड आणि बूट तिथल्या सेकंडहँड दुकानातून. चाकू मात्र आपले घेऊन जा, पण चेक-इन बॅगेत. माझा दिल्लीला काढून घेतला होता.